चार लाल नोंदी

सैनिकाचं खरं धन म्हणजे त्याचं चारित्र्य. हे वाक्य मी आयुष्यात पुष्कळदा ऐकलं. बहुतेक वेळा भाषणात, झेंड्याखाली. एकदा संडासाच्या दारात.

दार कॅप्टनसाहेबांच्या बंगल्याचं होतं. छावणी उत्तरेकडची, महिना डिसेंबरचा, बाहेरच्या बादलीतलं पाणी वरून गोठलेलं. मी साहेबांचा सहायक होतो. सहायक हा शब्द चांगला आहे. साहेबांचे बूट चमकवायचे, वर्दीला इस्त्री करायची, मेमसाहेबांची भाजी आणायची, कुत्र्याला फिरवायचं, चहा करायचा, ह्या सगळ्याला मिळून सहायक म्हणतात. नोकरीला सहा वर्षं झाली होती. रायफल बरी चालवायचो. चहा त्याहून बरा करायचो.

त्या आठवड्यात साहेबांच्या आई गावाहून आल्या. दोन दिवस माझ्या हातचा चहा प्यायल्या. तिसऱ्या दिवशी कप हातात असताना त्यांनी विचारलं, "बेटा, कौन जात?"

मी सांगितलं. लपवायचं कारण नव्हतं. जवानाला जात नसते असं आमच्या पलटणीच्या भिंतीवर हातभर अक्षरांत रंगवलेलं होतं.

त्यांनी कप फेकला नाही. नुसता खाली ठेवला आणि त्यात माशी पडल्यासारख्या बघत राहिल्या. दुपारपर्यंत स्वयंपाकघरात दुसरा जवान आला. मला बाहेरचं काम.

दुसऱ्या दिवशी सफाईवाला आला नाही. त्याची बायको बाळंत झाली होती. साहेबांनी मला हाक मारली. संडासाच्या दारात नेलं. कोपऱ्यातला झाडू दाखवला.

"आज तू कर दे."

"साहब, यह मेरा काम नहीं है."

"तुम्हारे यहाँ तो करते ही हैं."

हे ते रागाने म्हणाले नाहीत. माहिती दिल्यासारखं म्हणाले. मी हललो नाही तेव्हा त्यांनी ते वाक्य ऐकवलं. "सिपाही का असली धन उसका कैरेक्टर होता है. कैरेक्टर दिखा."

मी म्हणालो, "नहीं, साहब."

एवढंच. दोन शब्द. नंतर पुष्कळ वर्षं मला वाटायचं की जोरदार काहीतरी बोलायला हवं होतं. पण तेव्हा सुचले ते हे दोनच, आणि दोन शब्दांत माझी नोकरी गेली. अधिक बोलून अधिक काय गेलं असतं?

नोकरी लगेच गेली नाही. सैन्यात सगळं पद्धतीने होतं. शिक्षा झाली की तुमच्या नावापुढे लाल शाईत नोंद होते. चार लाल नोंदी झाल्या की तुम्ही नकोसे ठरता. पहिली नोंद आज्ञाभंगाची. पेशीला टोपी आणि पट्टा काढून उभं करतात. साहेबाच्या टेबलासमोर डोकं उघडं, कंबर मोकळी; माणूस आपोआपच गुन्हेगार दिसतो. सात दिवस कोठडी. हुकूम कसला होता हे कागदावर नव्हतं. 'कायदेशीर हुकूम' एवढंच होतं.

दुसरी नोंद पट्ट्याच्या पितळेची. चमक नाही. तपासणी करणारे सुभेदार माझ्या कानाशी पुटपुटले, "चमक तो रहा है, पर क्या करूँ?" तिसरी, हजेरीला उशीर. त्या दिवशी हजेरी पाच मिनिटं आधी घेतली गेली. चौथी नजरेची. मी अधिकाऱ्याकडे उद्धटपणे पाहिलं. ती नजर त्यांनी पुरावा म्हणून फाइलला कशी लावली असेल, ह्याचं मला अजून कुतूहल आहे.

दीड वर्षात चार झाल्या. मग हेडक्लार्कने बोलावलं. टेबलावर सहासात कागद पसरलेले. सगळे इंग्रजी. जवानाची सही घ्यायची एक रीत असते. क्लार्क कागदावर बोट ठेवतो, जवान बोटाच्या शेजारी सही करतो. रजेचा कागद, बुटांचा, कंबलचा, इंजेक्शनचा. वाचायला वेळ मागणारा जवान मी एकही पाहिला नाही. मला इंग्रजी वाचता येत होतं. मॅट्रिक होतो, पुस्तकं वाचायचो. तरी वाचलं नाही. बोट सरकत गेलं, मी सह्या करत गेलो. डिस्चार्जचं पुस्तक हातात पडलं. कारण : सेवेची गरज नाही.

गाव कोकणातलं. आमची वाडी गावाच्या खालच्या अंगाला. वडील, म्हणजे आबा, फौजेत बावीस वर्षं काढून आलेले. ब्रह्मदेशात लढलेले. त्यांची तीन पदकं भिंतीवर काचेच्या चौकटीत असायची. दर महिन्याला उतरवून चिंचेने घासायचे. गावातली वरची माणसं रस्त्यात त्यांना 'हवालदार' म्हणायची. त्याआधीच्या पिढीला काय म्हणायची ते लिहीत नाही.

आबांना इंग्रजी येत नव्हतं. पण डिस्चार्जच्या पुस्तकात चारित्र्याचा रकाना कुठे असतो हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. त्यांच्या पुस्तकात तिथे एक लांबलचक शब्द होता. माझं पुस्तक त्यांनी उघडलं. बरोबर त्या पानावर आले. माझ्या रकान्यातला शब्द आखूड होता. ते बघत राहिले. मग स्वतःचं पुस्तक आणून शेजारी ठेवलं. दोन्ही पुन्हा बघितली.

ओरडले नाहीत. चौकट भिंतीवरून उतरवली, पदकं काढून रुमालात बांधली, पेटीत टाकली. भिंतीवर चौकोनी डाग राहिला. आईने त्यावर कॅलेंडर लावलं.

मी तेव्हा त्यांना खरं सांगायला हवं होतं. नाही सांगितलं. फौजेने आपल्याला माणूस केलं, असं त्या माणसाचं म्हणणं होतं, आणि त्या म्हणण्यावर तो उभा होता. त्याला संडासाचा झाडू दाखवायचा? मला लाज वाटली. कोणाची, ते आता सांगता येत नाही. मी गप्प बसलो. आबा समजले की चूक माझी आहे. मी समजू दिलं.

दोन वर्षांनी एजंटला गाठून बहारीनला आलो.

मीना सलमान बंदरात जहाज दुरुस्तीच्या वर्कशॉपात स्टोअरकीपर झालो. नट, बोल्ट, वॉशर, व्हॉल्व्ह. आलेल्या मालाची नोंद, गेलेल्या मालाची नोंद. माझ्या स्टोअरमध्ये लाल शाईचं पेन नव्हतं. मुद्दाम ठेवलं नाही असं म्हणायला बरं वाटतं. खरं म्हणजे कंपनी फक्त निळी पेनं द्यायची. राहायचो जिदहफ्सला, एका खोलीत चौघं. त्यातले हसनभाई रत्नागिरीकडचे, एका क्लिअरिंग एजंटकडे टायपिस्ट. मी फौजेत होतो हे खोलीवर माहीत होतं. का सोडली, हे कोणी विचारलं की मी म्हणायचो, "कंटाळा आला." तेरा वर्षं हेच उत्तर देत होतो. हसनभाई मला 'फौजी' म्हणायचे, आणि नळाचं पाणी गेलं की, "फौजी, बघ रे, दुश्मन आला काय?"

नव्वदच्या दशकाची ती मधली वर्षं, बहारीनमध्ये निदर्शनांची आणि धरपकडीची. सकाळी कामाला निघालं की जिदहफ्सच्या भिंतींवर ओल्या चुन्याचे पांढरे पट्टे दिसायचे. आदल्या दिवशी कोणीतरी काही लिहिलेलं असायचं. काय लिहिलं होतं ते आम्ही विचारायचो नाही. आमचा व्हिसा न विचारण्याचा होता.

इथे माजी सैनिकांचं एक मंडळ होतं. प्रमुख एक रिटायर्ड कर्नल, पुण्याचे, एका मोठ्या कंत्राटदाराकडे प्रशासन बघायचे. सव्वीस जानेवारीला मनामातल्या एका क्लबच्या आवारात झेंडावंदन असायचं. पदकं लावून संचलन. मी नाव द्यायला गेलो तर फॉर्म दिला. सोबत डिस्चार्ज पुस्तकाची प्रत जोडा.

"पुस्तक?" कर्नलसाहेबांनी विचारलं.

"गावाला आहे, सर."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. तीस वर्षं जवान पाहिलेला माणूस. त्यांना कळलं. "बरं. मग तू खुर्च्यांचं बघ," ते म्हणाले.

तीन वर्षं मी खुर्च्यांचं बघितलं. पुढच्या रांगेत गादीच्या, मागे प्लास्टिकच्या. संचलनात नौदलातला एक आचारी दोन पदकं लावून सगळ्यांत पुढे असायचा, कारण तोच सगळ्यांत उंच होता. प्रमुख पाहुणे शिस्तीवर बोलायचे. एका वर्षी राष्ट्रगीताची कॅसेट गाडीत उन्हाला राहिली होती. ती मध्येच लांबली, रडवेली झाली, आणि आम्ही सगळ्यांनी सावधान उभं राहून ते ऐकून घेतलं. मला हसू आलं नाही. मी मागच्या रांगेच्याही मागे, एका घडीच्या खुर्चीला धरून उभा होतो, आणि मला फक्त असं वाटलं की त्या आचाऱ्याच्या शेजारी आपण असायला हवं होतं.

तिसऱ्या वर्षीच्या उन्हाळ्यात धाकट्या भावाचं पत्र आलं. आबांना दम लागतो. डॉक्टर म्हणतात फुप्फुसात पाणी आहे. तालुक्याला माजी सैनिकांचा मेळावा होता, बोलावणं आलं, गेले नाहीत. कधीच जात नाहीत. काल म्हणाले, त्याचं पुस्तक सरळ झालेलं एकदा बघायचं होतं.

पत्र वाचून शुक्रवारी मी जनाबियाला कर्नलसाहेबांच्या घरी गेलो.

कर्नलसाहेबांचा कंपाउंड भिंतीच्या आत. आत हिरवळ, बोगनवेल, एकसारखे व्हिला. गेटवरच्या नेपाळी पहारेकऱ्याने माझं नाव लिहून घेतलं. "फौज में था?" त्याने विचारलं. "था," मी म्हणालो. त्याने उगाच सलाम ठोकला. व्हिलाच्या व्हरांड्यात मला बसवलं. चहा कागदी पेल्यात आला. कपबश्यांचा ट्रे माझ्यासमोरून आत गेला. असू दे. कागदी पेल्याने काही सिद्ध होत नाही. मी स्टोअरकीपर आहे, पुराव्याशिवाय नोंद करत नाही.

"बोल. काय केलं होतंस? दारू?"

"नाही, सर."

"बाई?"

"नाही, सर. साहेबांचा संडास धुवायला नाही म्हणालो."

ते हसले. वाईट हसले नाहीत. "अरे, एवढ्यासाठी? धुवून टाकायचा की. अकादमीत असताना आम्ही सगळ्यांनी धुतलेत."

"सगळे धूत असते तर मीही धुतला असता, सर. आदल्या दिवशी मला स्वयंपाकघरातून काढलं होतं. जात विचारून."

"हे बघ, मी जातबीत मानत नाही. माझ्याकडे विचार कोणालाही. पण अर्जात ते आणू नकोस. तिथे बसलेली माणसं बिचकतात. आणि तुझ्या फाइलमध्ये तुझी सही असणार."

"कसली?"

"नोटिशीवर. काढण्याआधी जवानाला नोटीस द्यावी लागते, तुझं काय म्हणणं आहे म्हणून. तू खाली सही केली असणार : मला नोटीस मिळाली, मला काहीही म्हणायचं नाही."

क्लार्कचं बोट मला आठवलं. पिवळं पडलेलं नख होतं. पंधरा वर्षं मी समजत होतो की मला कोणी विचारलं नाही. विचारलं होतं. माझ्याच सहीने उत्तर दिलं होतं.

कर्नलसाहेब म्हणाले, "घाबरू नकोस. रेकॉर्ड ऑफिसात माझा बॅचमेट आहे. दयेचा अर्ज करायचा. माफी मागायची. तीनेक महिन्यांत तो शब्द बदलून मिळेल. मी लिहून ठेवतो, पुढच्या शुक्रवारी ये."

तीन महिने. आबांना तेवढे मिळतील असं भावाच्या पत्रावरून वाटत होतं.

गावात फोन एकच, नाक्यावरच्या एसटीडीच्या दुकानात. भावाला निरोप देऊन ठेवला, गुरुवारी सकाळी दहाला आबांना आणून बसव. ते आले. त्यांचा श्वास आधी ऐकू आला, मग आवाज.

"काय रे?"

"आबा, पुस्तक सरळ होईल. एक साहेब भेटलेत. पण माफी मागावी लागेल."

"मग माग की. चूक झाली तर मागावी. त्यात काय कमीपणा?"

मी फोनची वायर बोटाला गुंडाळत होतो. "आबा, चूक माझी नव्हती."

पलीकडे नुसता श्वास. दुकानात कोणीतरी सुट्टे मागत होतं.

"मग इतकी वर्षं गप्प का होतास?"

त्यांनी हे मोठ्याने विचारलं नाही. दुकानात माणसं आहेत, असं मी स्वतःला सांगितलं. "पत्रात लिहितो," मी म्हणालो.

"लिही," ते म्हणाले. मग थांबून, "पण माफी माग. कागद येऊ दे आधी."

शुक्रवारी जनाबिया. अर्ज तयार होता, छान टाइप केलेला, दोन पानं. कर्नलसाहेबांनी दुसरं पान वर घेतलं, स्वतःचं पेन उघडून माझ्या हातात दिलं आणि कागदाच्या तळाशी बोट ठेवलं.

"इथे."

मी पेन खाली ठेवलं. "वाचू का, सर?"

"वाच ना." त्यांना आश्चर्य वाटलं, पण सभ्य माणूस.

वाचलं. मी तरुण होतो, अविचारी होतो. वरिष्ठांची माया मला कळली नाही. इथपर्यंत मी गिळलं. आबांसाठी गिळत होतो, दरेक ओळीला त्यांचा श्वास ऐकू येत होता. मग दुसऱ्या पानावर : माझ्या कौटुंबिक पार्श्वभूमीमुळे मला शिस्तीचे व आज्ञापालनाचे संस्कार लाभले नव्हते, ही बाब सहानुभूतीने विचारात घ्यावी.

ती ओळ मी तीनदा वाचली. इंग्रजी साधं होतं. शंका राहायला जागा नव्हती.

"सर, माझे वडील बावीस वर्षं फौजेत होते. ब्रह्मदेशात होते."

"हो? अरे वा! मग तेही घालू ना खाली."

"खाली कसं घालणार? वर लिहिलंय की मला घरचं वळण नव्हतं."

"अरे, अर्जाची भाषा असते ही. कोण वाचतंय?"

"मी वाचतोय, सर."

"ती ओळ काढून टाकू. मग झालं?"

मी पुन्हा पहिलं पान घेतलं. ती ओळ काढली तरी बाकीचं तेच म्हणत होतं. वरिष्ठांची माया. संडासाच्या दारातली. ती ओळ त्यांना सहज सुचली होती. माझ्याकडे बघून सुचली होती. मला काही न विचारता त्यांनी माझं घर लिहून टाकलं होतं. आणि खाली सही मी करायची. आणि त्या सहीवर आबांना लांब शब्द मिळणार.

"नाही, सर."

"म्हणजे?"

"दया नको. नोंद खोटी आहे, ती खोडा, असा अर्ज करायचा आहे. मी करतो माझा."

"त्याला वर्षं लागतील. कदाचित होणारच नाही. वडिलांना काय सांगशील?"

हे मात्र लागलं. मी अर्जाची पानं नीट जुळवून टेबलावर ठेवली, त्यावर पेन ठेवलं.

"तुम्हा लोकांचं हेच," ते म्हणाले आणि थांबले. वाक्य पुरं केलं नाही. चांगल्या घरची माणसं असली वाक्यं पुरी करत नाहीत. "असो. दार उघडं आहे माझं. केव्हाही ये."

आपल्यापुरते ते भले होते, हे मला आजही मान्य आहे. त्याने काम आणखी कठीण होतं, एवढंच.

त्याच दिवशी खोलीवर बसून आबांना पत्र लिहिलं. सगळं. कप, झाडू, दोन शब्द, चार नोंदी, सह्या. हेही लिहिलं की मी इतकी वर्षं गप्प राहिलो ते तुमच्या पदकांच्या धाकाने. तुम्हाला वाईट वाटू नये म्हणून मी तुम्हाला जास्त वाईट वाटू दिलं. माफी मागितली नाही, आबा. तुमचं ऐकलं नाही. नऊ पानं झाली. शनिवारी पोस्टात टाकलं.

तीन आठवड्यांनी तार आली. आबा गेले.

पासपोर्ट कंपनीच्या तिजोरीत, किल्ली मॅनेजरकडे, मॅनेजर दुबईला. ऑफिसातला अरब क्लार्क चांगला माणूस, तो दर तासाला येऊन म्हणायचा, "इंशाल्ला, आज." पासपोर्ट चौथ्या दिवशी हातात आला. तोवर तिकडचं सगळं आटोपलं होतं. मी गेलो नाही. चार दिवस बॅग भरलेली होती, ती रिकामी केली. हसनभाईंनी त्या दिवशी माझ्या वाटणीची भांडी घासली, आणि काही बोलले नाहीत. त्यांच्यासाठी हे अवघड होतं.

मी भावाला एकच विचारलं होतं, माझं पत्र त्यांना वाचून दाखवलंस का. त्याचं उत्तर पंधरा दिवसांनी आलं.

'दादा, तुझं पत्र वेळेत आलं होतं. जाड होतं. आबा विचारत होते काय लिहिलंय. मी आधी स्वतः वाचलं. त्यांची तब्येत बघता असलं ऐकवायचं मला बरं वाटलं नाही. त्रास झाला असता. मी सांगितलं, दादाने माफीचा अर्ज केलाय, पुस्तक सरळ होऊन येणार आहे. त्यांना बरं वाटलं. त्या दिवशी दोन घास जास्त जेवले. मी चुकलो का?'

त्याला काय लिहायचं? तो चुकला नाही. मी जे पंधरा वर्षं केलं तेच त्याने पंधरा दिवस केलं. आमच्या घरात एकमेकांना जपायची हीच रीत. आबा हे मानूनच गेले की चूक मुलाची होती, आणि मुलाने शेवटी माफी मागितली.

पुढच्या शुक्रवारी हसनभाईंच्या ऑफिसात गेलो. सुट्टीचा दिवस, टाइपरायटर मोकळा. त्यांनी कागद चढवला, मध्ये कार्बन घातले, आणि मशीनवर हात ठेवून बसून राहिले.

"फौजी, एक विचारू? बापूस तर गेला. आता कोणासाठी?"

"माझ्यासाठी."

"तू तर मेळाव्याला जायचा नाहीस, नि पेन्शन तुला गावायचं नाही."

"नाही."

"मग?"

"त्या फाइलमध्ये लिहिलंय की मला काहीही म्हणायचं नाही. ते खोटं आहे."

हसनभाईंनी मान हलवली. पटलं म्हणून नव्हे, ऐकलं म्हणून. "यल्ला, सांग. 'सविनय' टाकू?"

"नको."

"'कृपाळू'?"

"नको."

"अरे, काहीतरी टाक, नाहीतर पोटात गोळा येतो त्यांच्या. बरं, शेवटी 'आपला आज्ञाधारक'?" आणि त्यांचं त्यांनाच हसू फुटलं. "त्याच्यावरनंच तर सगळं झालं!"

आबा गेल्यानंतर मी पहिल्यांदा हसलो. हसता हसता कसं काय झालं, डोळे भरले. हसनभाई टाइपरायटरची रिबन तपासू लागले. ती व्यवस्थित होती.

अर्ज दीड पानाचा झाला. पहिलं वाक्य : मला दिलेला हुकूम बेकायदेशीर होता आणि तो नाकारणं बरोबर होतं. मग क्रमाने, तारखा जेवढ्या आठवल्या तेवढ्या. जात लिहिली. झाडू लिहिला. नोटीस न वाचता सही केली, हेही लिहिलं. ती चूक माझी होती, आणि माझ्या चुकांपैकी तेवढीच फौजेच्या कामाची आहे. दया मागितली नाही. वडिलांचा नंबर, हुद्दा आणि बावीस वर्षं एका ओळीत लिहिली. दुसऱ्या कोणी ती लिहायच्या आत.

सही करण्यापूर्वी सगळं वाचलं. सावकाश. हसनभाई बाहेर जाऊन सिगारेट ओढून आले तरी मी वाचत होतो.

मला माहीत आहे की उत्तर बहुधा येणार नाही. आलं तर नाही असं येईल. मग मी पुन्हा लिहीन. वरच्या कचेरीला लिहीन, तिच्या वरच्याला लिहीन. कार्बनच्या चार प्रती आहेत आणि टाइपरायटर दर शुक्रवारी मोकळा असतो. तो शब्द बदलो न बदलो, त्या फाइलमध्ये माझं म्हणणं लागेल. एकदा नाही, दरवर्षी लागेल. फाइल जाड होईल. तिला दोरी पुरणार नाही. पुढे कधी कोणी ती उघडली तर त्याला त्यांचं आणि माझं, दोन्ही वाचावं लागेल.

शनिवारी मनामात कुरियरच्या ऑफिसात गेलो. काउंटरवर एक मल्याळी माणूस. त्याने लिफाफा वजन करून घेतला आणि फॉर्म भरायला लागला.

"आत काय आहे?"

"कागद."

"व्हॅल्यू?"

मी विचार करत होतो. तो थांबला नाही. दिवसाला असे शंभर लिफाफे त्याच्या हाताखालून जातात. त्याने रकान्यात शून्य लिहिलं आणि वर शिक्का मारला : व्यापारी मूल्य नाही.